इंग्रजीची ओळखपाळख

इंग्रजीत माहीत असण्यासाठी मुख्य क्रियापद एकच आहे, ‘नो’. ते लिहिताना आधी ‘के’ हे अक्षर घालतात आणि बोलताना गिळतात. पूर्वी या ‘के’चा उच्चार होत असे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो बोलण्यातून गेला. लिहिण्यातून काढायचे कोणाला सुचले नाही. त्यामुळे ज्ञानवाचक शब्दाचे पहिलेच अक्षर असे आहे की ते ठाऊक असले पाहिजे, मात्र ठाऊक असल्याचे बोलून दाखवायचे नाही. इंग्रजी शिष्टाचाराचा पहिला धडा असा स्पेलिंगमध्येच उरकून घेतला आहे.

प्राचीन इंग्रजीत ही गरिबी नव्हती. ‘विटान’ म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणे आणि ‘क्नावान’ म्हणजे एखाद्याला ओळखणे, अशी दोन क्रियापदे होती. जर्मनांनी आपली ‘व्हिसेन’ आणि ‘केनेन’ ही जोडी सांभाळली, फ्रेंचांनी ‘साव्हार’ आणि ‘कोनेत्र’ सांभाळली. इंग्रजांनी एक क्रियापद ठेवले आणि दुसरे मोडीत काढले. मोडीतून ‘विज्डम’ म्हणजे शहाणपण, ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार आणि ‘विट’ म्हणजे हजरजबाबीपणा एवढे भाग निघाले. संस्कृतातला ‘विद्’ हा धातू या मोडीत निघालेल्या क्रियापदाचा नातेवाईक. ‘नो’चे नाते ‘ज्ञा’ या धातूशी आहे. ‘ज्ञा’पासूनच मराठीत ‘जाणणे’ आले. म्हणजे ‘नो’ आणि ‘जाणणे’ ही चुलत भावंडे. भावंडांची इतकी शतके गाठभेट नव्हती, पुढे झाली ती कंपनी सरकारच्या काळात, आणि तेव्हाही वातावरण घरगुती नव्हते.

मराठीत एखादी गोष्ट माहीत असते, ठाऊक असते, कळते, समजते, उमगते. माणूस ओळखता येतो आणि पोहणे नुसतेच येते. यांतल्या बऱ्याच ठिकाणी माणूस कर्ता नसतो. ‘मला माहीत आहे’, ‘मला कळतं’, ‘मला येतं’ असे मराठी माणूस म्हणतो. ज्ञान आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत येते, आणि ते न आल्यास दोषही ज्ञानाचाच असतो. इंग्रज ‘आय नो’ म्हणतो, म्हणजे जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो. ‘मला पोहायला येतं’ हे मराठी विद्यार्थी ‘आय नो स्विमिंग’ असे इंग्रजीत नेतो, तेव्हा शिक्षक त्याला ‘आय कॅन स्विम’ म्हणायला लावतात. यात गंमत अशी की ‘कॅन’ हे क्रियापदही मुळात माहीत असणे याच अर्थाचे आणि ‘ज्ञा’च्याच कुळातले आहे. शिक्षकांनी दिलेले उत्तर आणि विद्यार्थ्याने केलेली चूक यांचे मूळ गाव एक आहे.

नवरा, नकाशा, सतराचा पाढा आणि शेजाऱ्याचे कर्ज या चारही गोष्टी एकाच क्रियापदाने जाणायच्या म्हटल्यावर नेमकेपणा आणायला दुसरी सोय करावी लागते. ती सोय इंग्रजीने वाक्प्रचारांनी केली. त्यांची पाहणी पूर्ण ज्ञानापासून सुरू करून खाली उतरत जाणे सोयीचे आहे.

पूर्ण ज्ञानाचे सर्वांत प्रसिद्ध प्रमाण म्हणजे हाताची मागची बाजू. एखाद्या इंग्रजाला शहरातले रस्ते चांगले ठाऊक असतील, तर तो ते आपल्या हाताच्या पाठीसारखे ठाऊक असल्याचे सांगतो. भारतीय परंपरा यासाठी हाताची पुढची बाजू वापरते. गोष्ट तळहातावरच्या आवळ्याइतकी स्पष्ट असते. आवळा निदान समोर दिसतो. हाताच्या पाठीचे काय, याचा शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मॅथ्यू लाँगो आणि पॅट्रिक हॅगर्ड या संशोधकांनी घेतला. त्यांनी लोकांना हात फळीखाली पालथा ठेवायला लावून बोटांची टोके आणि सांधे कुठे असतील ते वरून दाखवायला सांगितले. २०१० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की लोकांना आपला हात आहे त्यापेक्षा सुमारे दोन तृतीयांशाने रुंद वाटतो आणि बोटे सुमारे एक तृतीयांशाने आखूड वाटतात. तेव्हा एखादा गृहस्थ शहर हाताच्या पाठीसारखे ठाऊक असल्याचे सांगू लागला, तर तो खरे बोलत आहे असे समजून दुसरी टॅक्सी पाहावी.

दुसरे प्रमाण कांद्याचे. ज्याला आपले काम उत्तम कळते तो ‘आपले कांदे जाणतो’. हा वाक्प्रचार १९२० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. त्या काळी तिकडे याच अर्थाने लोक आपले ओट, आपली सफरचंदे आणि आपली रताळीही जाणत असत. त्या भाजीबाजारात टिकला तो कांदा. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांत चार्ल्स टॅलबट अनियन्स (१८७३ ते १९६५) नावाचे विद्वान होते. आडनावाचा अर्थ कांदे आणि धंदा शब्दांचा, त्यामुळे वाक्प्रचार त्यांच्यावरूनच पडला असणार, असे पुष्कळांनी परस्पर ठरवून टाकले. पुरावा अमेरिकेकडे बोट दाखवतो. शब्दांच्या व्युत्पत्तीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावावर एक खोटी व्युत्पत्ती कायमची चिकटावी, हा नियतीचा विनोद आहे. कांदे खरोखर जाणणारी माणसे लासलगावच्या बाजार समितीत रोज भेटतात. ती कांदा हातात घेऊन बरेच काही सांगतात. उद्याचा भाव विचारला की मात्र आभाळाकडे पाहतात.

तिसरे प्रमाण दोरांचे. कामातल्या खाचाखोचा ठाऊक असलेल्या माणसाला ‘दोर ठाऊक’ असतात, आणि नव्याला जुना ‘दोर दाखवतो’. हे शिडाच्या जहाजांवरचे बोलणे. रिचर्ड हेन्री डेना या हार्वर्डच्या विद्यार्थ्याचे गोवराने डोळे बिघडले, म्हणून तो १८३४ साली साधा खलाशी होऊन जहाजावर चढला. त्याच्या १८४० सालच्या प्रवासकथेत हा वाक्प्रचार आढळतो. अशा जहाजावर दोरांचे जाळे असे आणि प्रत्येक दोराला त्याच्या कामावरून वेगळे नाव असे. त्यामुळे मुरलेला खलाशी नुसते ‘दोर’ क्वचितच म्हणे. ‘तो दोर ओढ’ असे जो म्हणाला, त्याला दोर ठाऊक नाहीत हे साऱ्या जहाजाला कळे. कुठल्याही सरकारी कचेरीत ‘तो फॉर्म द्या’ म्हणणाऱ्या नवख्याची हीच गत होते.

तोंडपाठ असण्याला इंग्रजीत ‘हृदयाने जाणणे’ म्हणतात. स्मरणशक्ती हृदयात राहते अशी युरोपात जुनी समजूत होती. ‘रेकॉर्ड’ या शब्दाच्या पोटातही लॅटिनमधले हृदयच बसले आहे. तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम पाहून ते कोणाच्या ध्यानात येत नाही, हा भाग वेगळा. मराठीने पाठांतर तोंडात ठेवले आणि त्याला तोंडपाठ, मुखोद्गत असे प्रामाणिक शब्द दिले. बाराखडी, पाढे आणि लग्नातला उखाणा हृदयापर्यंत पोचतात असा दावा मराठीने कधी केला नाही.

स्वार्थाचे ज्ञान हा वेगळा प्रकार. ‘आपल्या पावाच्या कुठल्या बाजूला लोणी आहे ते ठाऊक असणे’ हे जॉन हेवुड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात सापडते. यासाठी शाळेत जावे लागत नाही, परीक्षा नसते आणि विस्मरण होत नाही. विधिमंडळांच्या इतिहासात या एका विषयात नापास झालेला सभासद सहसा पुन्हा निवडून आलेला दिसत नाही.

यापुढे अर्धवट ज्ञानाचा प्रांत लागतो, आणि तो इंग्रजीचा खरा मुलूख आहे. एखाद्या विषयाशी ‘मान हलवण्यापुरती ओळख’ असते, ‘जाता जाता ओळख’ असते, नाव ऐकून ‘घंटा वाजते’. घंटा वाजली म्हणजे दार उघडलेच असे नाही. आत कोण आहे याचा पत्ता नसतानाही ती वाजू शकते. इंग्रजी बोलण्यातला संकोच असा की तीस वर्षे गुलाब लावणारा माळी ‘मला त्यातली एखाददुसरी गोष्ट ठाऊक आहे’ असे म्हणतो आणि परवा कुंडी आणलेला त्याचा मालक व्याख्यान देतो. म्हणून या वाक्प्रचारांचा अर्थ शब्दांवरून लावता येत नाही, बोलणाऱ्याच्या नखांतली माती पाहून लावावा लागतो.

आता निखळ अज्ञान. अनोळखी माणसाबद्दल इंग्रज म्हणतो की तो आणि आदम यांतला फरकही मला सांगता येणार नाही. हे बोलणे अठराव्या शतकापासून चालू आहे. वास्तविक आदम हा ओळखायला सर्वांत सोपा माणूस. बायबलच्या हिशेबाने तो काही काळ जगातला एकमेव माणूस होता, आणि त्याचा पोशाखही चटकन लक्षात येण्यासारखा होता. शिवाय तो आईच्या पोटी जन्मला नसल्याने त्याला बेंबी असण्याचे कारण नव्हते. सर टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने १६४६ सालच्या आपल्या ग्रंथात खास एक प्रकरण लिहून बेंबीसह आदम रंगवणाऱ्या चित्रकारांची चूक दाखवली. एवढी ठळक खूण उपलब्ध असताना इंग्रजांनी त्यालाच अनोळखीपणाचे प्रतीक केले. त्याच बायबलात आदमने हव्वेला ‘जाणले’ आणि पुढे काइनचा जन्म झाला, असे लिहिले आहे. ‘नो’ या क्रियापदाला आधीच कामे कमी होती म्हणून की काय, भाषांतरकारांनी हेही त्याच्याकडे सोपवले.

अज्ञानाचे आणखी दोन दाखले म्हणजे ससाणा आणि करवत यांत गोंधळ होणे, आणि सुगावा नसणे. पहिला शेक्सपिअरच्या हॅम्लेटमुळे प्रसिद्ध झाला. शिकारी पक्षी आणि सुताराचे हत्यार यांची गल्लत सहसा कोणाची होत नाही, म्हणून तिथली करवत ही मुळात बगळ्याच्या एका जुन्या इंग्रजी नावाचा अपभ्रंश असावी असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे माणसाला पक्षी कळतात की नाही हे सांगणाऱ्या वाक्प्रचारातच पक्षी हरवला. दुसऱ्यातला ‘क्लू’ हा शब्द पूर्वी सुताच्या गुंडीसाठी होता. ग्रीक कथेतला थीसिअस भूलभुलैयातून बाहेर आला तो सुताच्या मागावरून, त्यामुळे गुंडीला सुगाव्याचा अर्थ चढला. पोलिसांना ‘धागेदोरे मिळाले नाहीत’ अशी बातमी देणारा मराठी वार्ताहर नकळत तीच कथा सांगत असतो.

न समजणारी गोष्ट इंग्रजाला ‘ग्रीक’ वाटते. ग्रीक माणसाला ती चिनी वाटते. चिनी माणूस तिला स्वर्गातली लिपी म्हणतो. तक्रार अशी टप्प्याटप्प्याने वरच्या कार्यालयाकडे जाते आणि तिथे तिचा निकाल लागत नाही. मराठी माणूस कुठल्याच देशाला नावे न ठेवता ‘डोक्यावरून गेलं’ एवढेच म्हणतो. त्यात आंतरराष्ट्रीय गुंतागुंत निर्माण होत नाही.

अज्ञानाचे राजकारणही होऊन गेले आहे. अमेरिकेत १८५० च्या दशकात स्थलांतरितांच्या, विशेषतः कॅथलिकांच्या, विरोधात एक गुप्त संघटना उभी राहिली. सभासदाला संघटनेबद्दल विचारले की त्याने ‘मला काही माहीत नाही’ असे उत्तर द्यायचे. त्यामुळे तिचे नाव ‘नो नथिंग’ पडले. पुढे ती उघड पक्ष झाली आणि १८५६ च्या निवडणुकीत माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर तिचे उमेदवार झाले. त्यांना सुमारे २१ टक्के मते पडली, पण राज्य मिळाले एकच, मेरीलँड. पक्ष लवकरच विरला. काही माहीत नसल्याचे जाहीर करून मते मागणारा पक्ष त्यानंतर दिसला नाही. सर्व माहीत असल्याचे जाहीर करणे अधिक फायद्याचे ठरले.

सर्व माहीत असणाऱ्यांसाठी इंग्रजीने शब्द बाहेरून मागवले. ‘सॅव्ही’ हा पोर्तुगीज किंवा स्पॅनिश ‘साबे’पासून, म्हणजे ‘ठाऊक आहे’पासून, खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मोडक्यातोडक्या बोलीतून आला. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या गोव्याच्या पिढीला हे क्रियापद व्याकरणासकट पाठ करावे लागले. बाकीच्या मराठी मुलखाला ते वर्तमानपत्रांनी ‘टेक्नोसॅव्ही’ या रूपात फुकट दिले. सकाळी सहाला सर्व गटांवर फुलाचे चित्र पाठवणारे आजोबा या पदवीला पात्र ठरतात. ‘मेव्हन’ हा यिडिश शब्द मूळ हिब्रूतल्या समजणाऱ्या माणसासाठीच्या शब्दावरून आला, आणि अमेरिकेत घराघरांत पोचला तो १९६० च्या दशकातल्या खारवलेल्या माशांच्या जाहिरातींमुळे. ज्ञानाला प्रतिष्ठा मिळते ती अशी, बाजारातून.

तिसरा शब्द ‘पंडित’. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने तिबेटची मोजणी करण्यासाठी हिमालयातली माणसे शिकवून वेषांतराने पाठवली. त्यांना ‘पंडित’ म्हणत. त्यांपैकी नैन सिंग १८६६ च्या सुरुवातीला ल्हासाला पोचले. ते सारख्या मापाची पावले टाकत आणि १०८ मण्यांच्या ऐवजी १०० मण्यांच्या माळेवर ती मोजत. आपल्याला काय ठाऊक आहे हे कोणाला कळू न देणे हा त्यांच्या कामाचा प्राण होता, कारण कळले असते तर प्राण गेला असता. आज इंग्रजीत ‘पंडित’ म्हणजे दूरचित्रवाणीवर निकालाच्या आदल्या रात्री निकाल सांगणारा गृहस्थ. त्याला पावले मोजावी लागत नाहीत. निकाल उलटा लागला तर तो दुसऱ्या दिवशी तो उलटा का लागला हे सांगायला त्याच खुर्चीत येतो.

माणसांची ओळख हे प्रकरण अधिक नाजूक. इंग्रजी समाजात ओळख करून घेण्यापेक्षा ओळख न दाखवण्याचे शास्त्र पुढे गेले. १८११ साली लंडनमध्ये निघालेल्या बाजारी बोलीच्या एका कोशात ओळख तोडण्याचे चार प्रकार नोंदले आहेत. सरळ प्रकारात नकोसा माणूस दिसताच रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. आडवळणी प्रकारात दुसरीकडे पाहत, जणू दिसलाच नाही असे पुढे जायचे. उदात्त प्रकारात तो नजरेआड होईपर्यंत केंब्रिजमधल्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलचा कळस किंवा आकाशातले ढग न्याहाळायचे. पाताळी प्रकारात वाकून बुटाच्या नाड्यांचा अभ्यास करायचा. हे वर्गीकरण अजून पुरते कालबाह्य झालेले नाही. पुण्यामुंबईत लग्नाच्या मांडवात यांतले सर्व प्रकार पाहायला मिळतात. फक्त ढग आणि नाड्या यांची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे.

मराठीत ‘ओळख’ या शब्दाला एक व्यावहारिक अर्थही आहे. ‘तिथे आपली ओळख आहे’ म्हणजे तिथे रांग लागणार नाही. इंग्रजीतही काय जाणता यापेक्षा कोणाला जाणता हे महत्त्वाचे, असे म्हणतात. याचे उग्र रूप म्हणजे ‘मी कोण आहे ठाऊक आहे का?’ हा प्रश्न. चौकात गाडी अडवली की तो इंग्रजीत विचारण्याची प्रथा आहे. ज्याला खरोखर सगळे ओळखतात त्याच्यावर तो विचारण्याची वेळ येत नाही.

कचेऱ्यांनी या क्रियापदाला लगाम घातला. प्रतिज्ञापत्रात माणूस ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे’ असे लिहितो. म्हणजे खोटे निघाल्यास दोष माहितीचा. बँकांत ‘केवायसी’ आले, ‘नो युअर कस्टमर’, म्हणजे आपला ग्राहक ओळखा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ही ओळख जोखमीप्रमाणे दर दोन, आठ किंवा दहा वर्षांनी ताजी करावी लागते. त्यामुळे ज्या शाखेतला कारकून खातेदाराच्या मुलीच्या लग्नाला जेवून आला, तोच त्याला आधार कार्डाची छायाप्रत सहीनिशी मागतो. कागदोपत्री दोघांची ओळख संपलेली असते; जेवण मुदतीत धरत नाहीत. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी १२ फेब्रुवारी २००२ रोजी इराककडच्या शस्त्रांबद्दलच्या प्रश्नावर पत्रकारांपुढे माहीत असलेली माहिती, माहीत असलेले अज्ञान आणि माहीत नसलेले अज्ञान अशी वर्गवारी मांडली. साध्या इंग्रजीसाठी झगडणाऱ्या ब्रिटिश संस्थेने पुढच्या वर्षी त्यांना गोंधळात टाकणाऱ्या विधानाचा पुरस्कार दिला. वर्गवारी तशी बरोबर होती. इराककडे असलेली म्हणून सांगितलेली शस्त्रे सापडली नाहीत. ती कुठल्या खान्यात बसवायची हा प्रश्न उरला.

बोलण्यातले ‘यू नो’ हा याच क्रियापदाचा शेवटचा अवतार. अर्थ ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ असा, पण वापर होतो तो बोलणाऱ्याला शब्द आठवत नसताना. जे बोलणाऱ्यालाच सापडले नाही ते ऐकणाऱ्याला ठाऊक असल्याचे त्यात गृहीत असते. मराठी घरांत त्याला ‘ना’ जोडून ‘यू नो ना’ असे करतात, म्हणजे नाही म्हणायची सोयही राहत नाही.

अतिपरिचय ही या पाहणीची शेवटची पायरी. इंग्रजीत परिचितासाठी ‘फॅमिलिअर’ हा शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘फामिलिया’ म्हणजे घरातला नोकरचाकरांसह सारा गोतावळा. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये चेटकिणीच्या दिमतीला असलेल्या पिशाच्चालाही ‘फॅमिलिअर’ म्हणत. ते मांजर, बेडूक किंवा कुत्रा होऊन येई. चेटकिणी शोधत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सने १६४७ सालच्या आपल्या पुस्तिकेत अशांपैकी एकाचे नाव व्हिनेगर टॉम असे दिले आहे. शेजारणीचे मांजर फार ओळखीचे वागले, की तिच्यावर खटला भरता येई. अतिपरिचयातून अवज्ञा होते ही म्हण इंग्रजीत चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनापर्यंत मागे नेता येते, आणि ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे संस्कृत वचन मराठीत रोज वापरले जाते. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला, याचा अर्थ पाहुणे दोन्हीकडे जास्त दिवस राहत असणार.

एकूण हिशेब असा. पूर्ण ज्ञानासाठी इंग्रजीजवळ हात, कांदे आणि दोर आहेत, आणि त्या तिन्हींचा भरवसा देता येत नाही. अपुऱ्या ज्ञानासाठी, अज्ञानासाठी आणि ओळख टाळण्यासाठी मात्र तिचे भांडार भरलेले आहे, आणि खरा कस तिथे लागला आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाने म्हणून आधी न जाणण्याचे वाक्प्रचार पाठ करावेत. ते जास्त उपयोगी पडतात, आणि ते वापरताना चूक झाली तरी अर्थ बरोबरच राहतो.